कॉमन्यॉ गावच्या पांढऱ्या पुडीबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
आरोग्य उपकेंद्र, कॉमन्यॉ बंदर,
जेजू बेट.

अर्जदार: यांग ग्येसुन, वय ६६, प्रमुख, पाणबुड्या महिला मंडळ, कॉमन्यॉ.

विषय: बू चुनसेंग हिची डोकेदुखीच्या पुडीची सवय आपल्या देखरेखीखाली सोडवून मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ: आपले दि. ६ नोव्हेंबर २००६ चे पत्र, ज्यात 'सदर गावी व्यसनाधीन व्यक्तींची संख्या शून्य असल्याने' असे म्हटले आहे.

महोदय,

१. 'आ कर, पोरी. कडू आहे, पण समुद्राहून कडू नाही. जिभेवर ठेवू नकोस, गिळ.' अडतीस वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या दगडी शेकोटीपाशी हा आवाज निघाला. अर्जदाराने तो स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. ज्या पोरीला हे सांगितले ती बू चुनसेंग. वय एकोणीस, अंगावर सुती कपडे, समुद्रतळाचे शिंपले काढायला आयुष्यातल्या पहिल्या बुडीसाठी काकडत उभी. आवाज कोणाचा होता ते अर्जदार योग्य ठिकाणी नमूद करील. आधी आपल्या कार्यालयाविषयी बोलणे भाग आहे.

२. आमच्यात शेकोटीभोवती मानाप्रमाणे बसतात. सर्वांत खोल जाणारी थोरली, तिच्या तोंडावर धूर येत नाही. नवखी धुराकडे. पाण्यात उतरण्याआधी थोरली प्रत्येकीच्या तळहातावर पांढरी पुडी ठेवते. पुडी पोटात गेली की कानातली ठणक थांबते, थंडी बोथट होते, श्वास वीतभर लांबल्यासारखा वाटतो. आपण औषधशास्त्र शिकला आहात. आम्ही एवढेच शिकलो. पहिल्या वर्षी एक, दहाव्या वर्षी चार, आणि पुढे किती ते कोणी कोणाला विचारत नाही.

३. वादळात आठ-आठ दिवस समुद्र बंद असतो. त्या दिवसांत गावातल्या साऱ्या बायकांचे डोके दुखते. डोळ्यांमागे कोणी खिळा ठोकते, मळमळते, हात कापतात, जांभयांवर जांभया येतात, सुनेने भांडे जरा जोरात ठेवले तरी मस्तक फिरते. याला आमच्यात 'समुद्राची हाक' म्हणतात. त्यावर गाणेही आहे:

वारा सुटला, दार लागलं,
डोकं ठणकतं उशाला,
दर्यामाये, हाक नको मारू,
उद्या येते मी भेटीला.

आमच्या आया हे गात गात गेल्या. अर्जदारही गात असे. गेल्या वसंतात अर्जदार लेकीकडे बुसानला गेली आणि पुड्या घरी विसरली. दुसऱ्या दिवशी हाक आली. लेक म्हणाली, 'आई, धक्का जवळच आहे, समुद्र बघून ये, बरं वाटेल.' अर्जदार धक्क्यावर दोन तास समुद्र बघत बसली आणि तिथेच ओकली. परतताना औषधाच्या दुकानातून एक पुडी घेतली. अर्ध्या तासात हाक बंद. समुद्र खरोखर बोलावत असता, तर दुकानातल्या पुडीने तो गप्प कसा बसला असता?

४. हे अर्जदाराने एकट्या चुनसेंगला सांगितले. तिने हातातले जाळे खाली ठेवले. मग म्हणाली, 'थोरलीबाई, म्हणजे इतकी वर्षं आपण पुडीची गाणी म्हटली?' तिला रोज बारा पुड्या लागत. त्या संध्याकाळी तिने घरातल्या साऱ्या पुड्या चुलीत घातल्या. तिला कोणतीही गोष्ट अर्धी करता येत नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरून ती आपल्या केंद्रात आली.

५. आपले लेखनिक श्री. को ह्योंगसॉप यांनी छापील कागद पुढे ओढला. दारू? नाही. तंबाखू? नाही. अफू, सुई? नाही. चुनसेंग म्हणाली, 'पुडी लिहा.' त्यावर श्री. को म्हणाले, 'आजी, डोकेदुखीच्या पुडीला रकाना नाही. असं असेल तर माझी बायको दिवसाला सहा कप कॉफी पिते, तिलाही आणून झोपवू का इथे?' चुनसेंग म्हणाली, 'आण की. पण आधी तीन दिवस तिची कॉफी बंद कर, म्हणजे तिला उचलून आणावं लागेल.' बाकावरची माणसे हसली. श्री. को हसले नाहीत. त्यांनी 'नशापाणी नाही' असे लिहिले, आजाराच्या जागी 'डोकेदुखी' लिहिले, आणि डोकेदुखीवर उपचार म्हणून त्याच पांढऱ्या पुड्या सहा दिल्या. महोदय, बुडणाऱ्या बाईला आपल्या केंद्राने पाणी पाजले.

६. त्या सहा तिने दारातच घेतल्या. वाटेत दुकानातून आणखी घेतल्या आणि दुसऱ्या सकाळी लांबच्या खडकावर बुडी मारली. पोट आतून जळत होते, पण पुडीच्या गुंगीत तिला ते कळले नाही. बुडीवरून वर आले की कोंडलेला श्वास सोडताना आमची शीळ वाजते. त्या दिवशी तिचे डोके वर आले, शीळ आली नाही. तिच्या तरंगायच्या भोपळ्याभोवतीचे पाणी तांबडे झाले होते. अर्जदाराने तिला भोपळ्यावर पालथी घालून किनाऱ्यापर्यंत ओढत आणले.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर स्वच्छ लिहून दिले आहे. पुड्यांनी पोटात जखम झाली आहे. पुडीची सवय जडली आहे. एकदम तोडल्यामुळेच ते हात कापणे आणि ओकणे झाले. पोटावरचे औषध रोज द्यावे, पुड्या दर आठवड्याला थोड्या कमी कराव्यात, जवळच्या केंद्राने डोळ्यांसमोर द्याव्यात आणि नाडी पाहावी. जवळचे केंद्र म्हणजे आपण.

७. आपल्या पहिल्या उत्तरात मंडळप्रमुखाचा दाखला मागितला. दिला. दुसऱ्या उत्तरात कळवले की गेल्या वर्षीच्या पाहणीत आमच्या गावाची नोंद शून्य आहे, सबब दाखला विसंगत ठरतो. अर्जदार स्वतः आली तेव्हा श्री. को म्हणाले, 'बाई, शून्यातलं माणूस मी बाहेर कसं काढू?' रक्त ओकलेली बाई आपल्या दारापासून पाऊणशे पावलांवर निजली आहे, आणि आपल्या कागदावर ती नाही.

दरम्यान चुनसेंगच्या मुलाने पुड्या पेटीत कुलपात ठेवल्या आहेत. तो नावेवर जातो, किल्ली अर्जदाराकडे असते. चुनसेंग पेटीशेजारी अंथरूण घालते. काल म्हणाली, 'थोरलीबाई, आज दोन जादा द्या, उद्याच्यातल्या कापा.' मग भिंतीकडे वळून, 'नका देऊ. मी शिव्या दिल्या तरी नका देऊ.' तिला पेज भरवणे अर्जदाराला जमते. नाडीतले अर्जदाराला काही कळत नाही.

८. सबब विनंती की आपली परिचारिका रोज तिच्या घरी पाठवावी. छापील कागदावर पुडीसाठी रकाना आखावा. डोकेदुखी घेऊन येणाऱ्या पाणबुडीला पुडी देण्याआधी 'दिवसाला किती घेता' एवढे तरी विचारावे. विचारायला फी पडत नाही. आणि पुडीची सवय सांगितली म्हणून कोणाचेही बुडीचे ओळखपत्र काढून घेणार नाही, असे लेखी द्यावे.

९. हे शेवटचे लेखी का हवे, ते सांगण्याचे ठिकाण आता आले. इथून पुढे मी 'अर्जदार' लिहीत नाही.

ते शून्य मी लिहिले. पाहणीचा कागद घेऊन श्री. को आमच्या शेकोटीपाशी आले तेव्हा चौदा जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सवय निघाली तर ओळखपत्र जाईल आणि समुद्र बंद होईल, अशी कुजबुज होती. मी म्हटले, 'आमच्यात कोणी नाही.' सही केली. सही करताना माझा हात कापत होता, कारण सकाळची पुडी घ्यायची राहिली होती. श्री. को म्हणाले, 'आजी, थंडी वाजतेय का?' मी म्हटले, हो.

मी रोज नऊ घेते. हा अर्ज लिहायला बसण्याआधी दोन घेतल्या.

आणि पहिल्या परिच्छेदातला आवाज माझा. चुनसेंगच्या जिभेवर पहिली पुडी मी ठेवली. माझ्या जिभेवर आईने ठेवली होती तशीच, मायेने. चुनसेंगने हे आजवर मला ऐकवले नाही, आणि तिच्या उशाशी बसूनही मी ते बोलले नाही. किल्ली कमरेला लावून बसते. हा अर्ज आपल्याकडे देण्याआधी तिला वाचून दाखवणार आहे.

शून्य खोडा. तिथे दोन लिहा. तिचे नाव खाली, माझे वर. आमच्यात मानाप्रमाणे लिहितात.

अजूनही नम्र राहिलेली,
यांग ग्येसुन
कॉमन्यॉ, दि. २१ नोव्हेंबर २००६

सोबत:
१) शहरातील रुग्णालयाच्या कागदाची प्रत.
२) आपल्या केंद्राच्या शिक्क्याच्या सहा रिकाम्या पुड्या.
३) शिक्का नसलेल्या दोन. आजच्या, माझ्या.