मिंथीवर पडलेला पाय

बाई, आज पायांना पुन्हा पुदिन्याचा वास आला. घरात पुदिना नाही, मी तो कधी आणतच नाही. दोनदा साबण लावून पाय धुतले, तरी वास जाईना, मग लिहायला बसले.

डिलाईल रोडच्या चाळीत तुमची खोली शेवटची. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं बंद, तुम्ही शिकवायचात त्या आमच्या शाळेला सुट्टी, बाजारात भाजी नाही. अख्खी चाळ तुमच्या गॅलरीतल्या डब्यातला पुदिना खुडून नेते आणि चटणी-भाकरीवर दिवस काढते. तुम्ही पाट्यावर चटणी वाटताय, आम्ही मुली भोवती बसलोय, आणि तुम्ही ग्रीकांची गोष्ट सांगताय. पाताळात मिंथी नावाची एक अप्सरा होती. मेलेल्यांच्या राजाचा तिच्यावर जीव जडला, म्हणून राणीने तिला पायाखाली तुडवलं. तिथे उगवला तो पुदिना. मी विचारलं, मग राजाला काय शिक्षा झाली? तुम्ही वरवंटा थांबवलात. "राजाला कोण विचारतं?"

गोष्ट मी घरी जशीच्या तशी सांगितली. दर रविवारी तुमच्याकडे गिरणीतले एक कारकून यायचे, त्यांची बायको गावी असायची, हे चाळीत कुणाला ठाऊक नव्हतं? आई म्हणाली, "आपलीच गजाल सांगता ती." तुम्ही स्वतःचीच गोष्ट सांगताय, एवढंच म्हणाली, आणि भाकरी थापू लागली. पण चाळीतल्या भिंती त्या, दुसऱ्या दिवसापासून पुदिना न्यायला कुणी येईना. मुली मला बाईंची लाडकी म्हणून चिडवू लागल्या. लाडकी नाही हे दाखवायला मी भर दुपारी त्यांच्यासमोर तुमचा डबा आडवा केला आणि रोप अनवाणी पायांनी तुडवलं. वळून पाहिलं तर दारात तुम्ही.

ओरडला नाहीत. "कुणी सांगितलं तुला हे करायला?" इतकंच विचारलंत.

मी म्हटलं, "आईने."

"पाय धुऊन घरी जा," म्हणालात.

महिन्याभरात तुम्ही कॉटन ग्रीनला बिऱ्हाड हलवलंत. निघायच्या दिवशी आई तुमच्यासाठी घावणे घेऊन आली होती. तुम्ही दार उघडलं नाहीत. पुढे तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. "माझा काय चुकला गो?" असं ती शेवटच्या आजारातही विचारायची, आणि मी तिचे पाय चेपत राहायचे.

हे पत्र घडी करून कपाटात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकू? बाई, रोप तुडवायला आईने मला सांगितलं नव्हतं. तिकडे ती आली असेल, तर तिला दार उघडा.