फुगलेला प्लाय

पुणतांबा,
१८ सप्टेंबर २०२५

ती. आबादादास,

भिमाजीचा नमस्कार. साष्टांग लिहायला हात वळला नाही. वहिनी, पोरं बरी असतील. इकडे चार दिवस उघडीप आहे.

सविताताईच्या पोटरीला अकरा टाके पडलेत. मागच्या आठवड्यात ती शिलाई मशीनकडे निघाली आणि पाय गुडघ्यापर्यंत जमिनीतून खाली गेला. आपल्या शेडमध्ये तिला राहायला बनवून दिलेल्या तयार केबिनच्या जमिनीतून, दादा.

वर्षभर ती फोन करत होती, न्हाणीजवळ पायाखाली दबतंय म्हणून. तू काय सांगायचास? "सविता, पुसताना पाणी कमी घेत जा." तेव्हापासून ती फडकं पिळून पिळून पुसायची. शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना ओल्या पायांनी आत येऊ द्यायची नाही. भाऊ सांगतोय म्हटल्यावर चूक आपलीच, असं धरून चालली. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

वरचं विनाइल सोललं तर खालचा प्लाय भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा हातात आला. पापुद्रे सुटलेले, बुरशीचा वास. तू तिला पाण्यात टिकणारा मरीन प्लाय सांगितला होतास. हा साधा कमर्शियल आहे. सख्ख्या बहिणीला! दाजी गेल्यावर सासरच्यांनी जागा दिली, घर दिलं नाही, म्हणून ती तुझ्याकडे आली होती.

सडलेलं सगळं कापून काढलं. खालचे लोखंडी चॅनल घासून गंजू नयेत म्हणून रेड ऑक्साइड मारला. कोपरगावहून सिमेंट बोर्ड आणलेत, उद्या बसवतो.

आणि पाणी पुसण्याचं नव्हतंच. न्हाणीच्या पाइपचा जॉइंट जमिनीखाली गळत होता. त्याला चिकटवायचं सोल्यूशन लावलेलंच नव्हतं.

तो जॉइंट माझा आहे, दादा. त्या दिवशी केबिन न्यायला ट्रक दारात उभा, सोल्यूशनचा डबा संपलेला. तू ओरडलास, "दाब आणि चल!" मी दाबला. प्लायही मीच ठोकला, वरचा 'कमर्शियल' शिक्का वाचून. ताई फोनवर रडकुंडीला यायची तेव्हा मी तुझ्या शेजारीच असायचो. गप्प.

काल तिला सांगितलं. पाय स्टुलावर ठेवून बसली होती.

"भिमा, तुला म्हाईत हुतं?"

"होय."

"मग वरीसभर मला फडकं का पिळायला लावलं रं?"

मी खाली बसून कापलेल्या प्लायचे तुकडे गोळा करायला लागलो. ती म्हणाली, "आबाला फोन नको करू. फोनवर त्यो गोड बोलून मोकळा हुतो. लिहून कळव."

म्हणून लिहितोय. त्याच प्लायच्या आणखी तीन केबिनी आपण पारनेरला दिल्यात. तिथंही माणसं राहतात, लहान पोरं आहेत. सोमवारी मी तिकडे जाऊन त्यांच्या जमिनी उघडून दाखवणार. तुझं नाव सांगणार, माझंही सांगणार. मला अडवायला कुणाला पाठवू नकोस. यायचंच असेल तर हत्यारं घेऊन ये, काम तीन घरांचं आहे.

सोमवारपर्यंत तुझा धाकटा भाऊ,
भिमाजी