रिकामा गल्ला

मी, वय बहात्तर, धंद्याने सुतार, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डॉक्टरीणबाईंनी डोकं तपासलं, ते ठीक आहे. उजवा हात ठीक नाही, त्याची हकीकत पुढे येईलच.

१. माझा मुलगा लग्न झाल्यापासून बायकोला मारतो. मी मध्ये पडलो की मलाही. गुंतवणूक सल्लागाराने पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, कुटुंबाचं उद्दिष्ट काय?" म्हटलं, "सून आणि नात जिवंत बाहेर पडणं." "धोका किती पेलवेल?" मी तोंड उघडून पडलेले दात दाखवले. त्याने कागद पुढे ओढला.

२. आम्ही बेत आखला तो असा. मुदत ठेव माझ्या आणि सुनेच्या नावे, दोघांपैकी कोणाच्याही सहीने मोडणारी, ती नव्या जागेचं भाडं आणि पोटापाण्याला. म्युच्युअल फंडाचा दरमहा हप्ता नातीच्या कॉलेजसाठी, तोवर हात लावायचा नाही. थोडे सरकारी रोखे सुनेच्या म्हातारपणाला. आणि दुकानाच्या गल्ल्यात थोडी रोख, मुलाला सापडावी म्हणूनच. गल्ला भरलेला दिसला की तो दोन तडाख्यांत आवरतं घेई. रिकामा असला की पट्टा काढी आणि दमेपर्यंत थांबत नसे. ही सारी गुंतवणूक माझ्यामागे सर्वस्वी सुनेची. मुलाचा तीत छदामही नाही.

३. गेल्या हिवाळ्यात त्याला माझ्या खात्यातले पैसे हवे होते. मी सही करेना. त्याने माझा उजवा हात बाकावर दाबला आणि माझ्याच हातोड्याने बोटं ठेचली. मग त्याच बोटांत पेन कोंबून सही घेतली. बँकेने सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं. अकलेचा कांदा! पैसे वाचले, पण त्याचा राग सुनेच्या बरगड्यांवर निघाला. ते मी मेल्यावरही माफ करणार नाही. बँकेत अंगठाही चालतो हे त्याला अजून ठाऊक नाही, कोणी सांगू नये.

४. रंधा, करवती, पटाशा नातीला. पोरीचा हात सरळ चालतो. हातोडा मुलाला. त्यावरचा डाग मी पुसलेला नाही.

५. सून आणि नात आज सकाळी ठेव मोडून गेल्या. डॉक्टरीणबाई रडवेल्या होऊन म्हणतात, "काका, तुम्हीपण चला ना." मी दिसलो नाही तर तो तडक त्यांच्या मागे सुटेल. पोलिसांकडे मागे गेलो होतो, घरातलं घरात मिटवा म्हणाले. नवा पत्ता मी सुनेला विचारलाच नाही. हाडं मोडताना तोंड उघडेल, एवढा भरवसा माझा माझ्यावर नाही.

तो संध्याकाळी येईल. इथे जितका वेळ अडकेल तितक्या त्या लांब पोचतील. म्हणून गल्ला आज मी रिकामा ठेवला आहे.

स्थळ: माझं दुकान
दिनांक: सून-नात गेल्या तोच
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), गुंतवणूक सल्लागार (सही)
करून देणार: डाव्या अंगठ्याचा ठसा