मिरचीचं दार

३ मार्च

विहीणबाई आल्या. दोन बॅगा घेऊन! जावई म्हणाले, आईला जरा बदल हवा होता, राहील थोडे दिवस. थोडे म्हणजे किती, हे विचारायची माझी काय छाती? त्या स्वतःच्या मुलाच्या घरी आल्यात. लेकीच्या घरी राहते ती मी.

नात शाळेतून आली ती थेट त्यांच्या कुशीत शिरली. मी दुधाचा पेला धरून उभी.

५ मार्च

नातीने आम्हाला नावं पाडलीत. त्या ‘गोष्टीची आजी’. मी ‘घरातली आजी’. घरातली — चपला असतात ना, तशी!

झोपायलाही आता तिकडेच. उशी उचलली आणि गेली. जा म्हटलं. काय म्हणणार?

८ मार्च

आज दोघींनी घरभर स्टिकर लावले. न्हाणीघराच्या दारावर मासा, विहीणबाईंच्या खोलीवर हत्ती, चहाच्या डब्यावर कप, साखरेच्या डब्यावर मुंगी. दारांवरचे वाफेने गळून पडायला लागले, तर जावयांच्या खणातून बुटाचे तळ चिकटवायची ट्यूब काढली आणि चिकटवले. रंगवलेल्या दारांना! माझ्या खोलीवर काय लावलंय? मिरची. लाल, वाकडी.

मी तिखट, होय ना? कळतात हो टोमणे.

लेकीला सांगितलं, तर म्हणे, राहू दे गं आई, खेळ आहे त्यांचा. हिच्याच पोरीने माझ्यादेखत भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ ओढली, तेव्हा मला केवढं ऐकवलं होतं!

९ मार्च

मिरचीचं टोक सुटलं होतं, ते चिकटवायला गेल्या आणि विहीणबाईंचा अंगठा नातीच्या बोटाला चिकटला. दोघी खिदळतायत. जावई ओढायलाच निघाले होते. मी ओरडले, ओढू नका, कातडं निघेल! उभा जन्म लाँड्री चालवली आहे, एवढं कळतं मला. कोमट पाण्यात साबण कालवला, दोघींचे हात त्यात बुडवून ठेवले. मग तेल सोडलं, आणि पेन्सिल फिरवतात तसं बोट हळूहळू फिरवत राहिले. सुटलं.

नात माझ्याकडे बघतसुद्धा नाही. ‘गोष्टीची आजी, परत चिकटायचं?’

मी त्यांना सोडवत होते, तेव्हा माझ्याइतकं खूश कोणी नसेल. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय?

१२ मार्च

जेवताना लेक हळूच म्हणाली, सासूबाईंना कायमचं इथेच ठेवून घ्यावं म्हणतोय. मग म्हणाली, आई, तुझी खोली तशी मोठीच आहे.   उद्या खाट अर्धी, परवा खोली अर्धी, आणि मग एक दिवस माझ्या धाकट्या भावाकडे जाऊन येतेस का म्हणतील. सख्खी लेक ही!

१३ मार्च

सगळे नातीला बूट घ्यायला गेले. मी पदर खोचला.

डबे सोपे. केस वाळवायच्या यंत्राने गरम केलं, जुन्या कार्डाच्या कडेने उचललं, उरलेला चिकटा तेलाच्या बोटाने चोळून साबणाने पुसला. दारांचं काम खरं. मिरचीपासून सुरुवात केली. राग इतका, की लेकीचं नखांचा रंग काढायचं औषध कापसावर घेतलं आणि घासलं. गिऱ्हाइकांना सांगत आले, कुठलंही औषध आधी कोपऱ्यात लावून बघा. आणि स्वतःच विसरले! गोंदाबरोबर दाराचा रंगही निघाला. मिरचीच्या जागी मिरचीएवढंच लाकूड उघडं पडलं.

मासा आणि हत्ती मग गरम फडक्याने, धीर धरून काढले. तिथे डागसुद्धा नाही.

संध्याकाळी नात रडली. विहीणबाई नुसत्या दारांकडे बघत उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

१४ मार्च

सकाळी बोळात विहीणबाई उभ्या. पायाशी पाणी. मला वाटलं, तांब्या सांडला. मग ओले कपडे दिसले.

न्हाणीघर दोन पावलांवर होतं. त्या एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे बघत होत्या. मी हाताला धरून नेलं, कपडे बदलले, फरशी पुसली. जावई, लेक उठायच्या आत. त्या एवढंच म्हणाल्या, मुलाला सांगू नका.

नातीला बाजूला घेतलं. ती माझ्यावरच चिडलेली. ‘तू मासा का काढलास? तिला दारं ओळखू येत नाहीत. मला माहितीय. आमचं गुपित होतं ते.’

डब्यांचंही तेच. काल संध्याकाळी माझ्या चहात मीठ होतं. मला वाटलं, मुद्दाम.

दुपारी बसून मासा, हत्ती, कप, मुंगी सगळं पुन्हा लावलं. ट्यूब माझ्याही बोटांना लागली, दोन बोटं चिकटली. नातीनेच साबणाचं पाणी आणलं. ‘ओढू नकोस हं, कातडं निघेल,’ म्हणाली.

सगळं लावलं, मिरची नाही लावली. त्यांची दया येते, पण मला मिरची म्हटलेलं मी विसरलेले नाही. आणि पोरीने एवढं मोठं गुपित सांभाळलं ते त्यांचं. माझं एक तरी सांभाळलंय का? जळतंय ते जळतंयच.

१६ मार्च

दुपारी घरात दोघीच. दाराबाहेर हात फिरवल्याचा आवाज. उघडलं. विहीणबाई रंग गेलेल्या लाकडावरून बोट फिरवत होत्या.

‘हे मिरचीचं दार ना?’

हो म्हटलं.

‘मीच सांगितलं होतं पोरीला, इथे मिरची लाव म्हणून. काही कळेनासं झालं की इथे यायचं. बाकीचे गोड बोलून वेळ मारून नेतात. तुम्ही खरं ते सांगाल.’ मग म्हणाल्या, ‘हे घर कोणाचं आहे हो?’

मी म्हटलं, तुमच्या मुलाचं आहे. आत या, बसा.