बारा सेकंद

दि. १४ नोव्हेंबर, दुपार, दुकानातून

चि. भिंगरीला बाबाचे आशीर्वाद.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण गिऱ्हाइकांइतका नाही. दोन वर्षांनी तुझं पत्र आलं. फोडायच्या आधी नुसतंच हातात धरून बसलो होतो.

तुझा विक्रम शेजारच्या घड्याळजीलाही सांगितला. "एकवीस मिनिटांत अख्खा व्हिडिओ गेम संपवला! चार सेकंदांनी पहिली!" तो म्हणाला, "चार सेकंदांत मला चष्मा सापडत नाही."

आता तुझ्या मागणीचं. नियम समजला. सेकंदाला पन्नास चित्रं दाखवणाऱ्या यंत्रांवरच्या विक्रमांची यादी वेगळी, साठवाल्यांची वेगळी. आतून बदललेलं यंत्र कुठेच चालत नाही. कुणीतरी तक्रार केली, तुझ्या खेळातलं संगीत किंचित चढं वाजतं. तू पंचांना ठणकावलंस, "यंत्र माझ्या बाबांनी दिलंय, मूळचं साठचं आहे." आता दुरुस्तीवाला म्हणून मी तसं लिहून सही द्यायची, शुक्रवारपर्यंत.

काल सही केलीसुद्धा.

तक्रार करणाऱ्याचे कान चांगले आहेत गं.

तू बारा वर्षांची होतीस. "आपल्या यंत्रात सगळे पाण्यातून चालल्यासारखे चालतात," म्हणून रुसलीस. साठचं यंत्र इकडे मिळेना. मग मी पन्नासचंच उघडून साठवर आणलं. यंत्र ज्याच्या ठेक्यावर चालतं तो क्रिस्टल हवा तसा नव्हता. भंगारातला त्यातल्या त्यात जवळचा बसवला. सुरू करताच ऐकू आलं, सूर केसभर वर. शंभर सेकंदांचं काम नव्याण्णवात. म्हटलं, पोरीला काय कळतंय! खोक्यात घालून म्हणालो, "खास बाहेरून मागवलंय." तू गळ्यात पडलीस. मग सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, टाळलं.

तुझ्या एकवीस मिनिटांतले बारा सेकंद माझे आहेत, पोरी.

आईचा आजार लपवला तेव्हाही असंच मनाशी म्हटलं होतं, पोरीची परीक्षा तेवढी होऊ दे. ते कळल्यावर घर सोडून जाताना दारात तू म्हणालीस, "आता आणखी एक खोटं निघालं ना बाबा, तर मला बाप नाही." रोज ऐकू येतं ते.

सहीचा कागद पाठवला असता तर तू मला घरी बोलावलं असतंस. पंचांना वरून काही दिसलंही नसतं, काम तेवढं सफाईचं आहे. पण तू पुढच्या वेळी त्याच यंत्रावर खेळली असतीस, मान ताठ ठेवून, आणि मी शेजारी बसून तो चढा सूर ऐकला असता. नाही जमणार मला. फाडला कागद.

सोबत पंचांना चिठ्ठी आहे: काम माझं, मुलीला ठाऊक नव्हतं. पुडीत मूळचा क्रिस्टल आहे, इतकी वर्षं खणात होता. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः उघडून बघ. चार स्क्रू. उजव्या कोपऱ्यात सोल्डरचा डाग दिसेल. कुणाच्या हातचा ते ओळखशील, डाग द्यायला तुला मीच शिकवलंय.

शुक्रवारी फोनजवळ बसेन. शिव्या द्यायला तरी कर. जेवलीयस की नाही ते मी आवाजावरून ओळखेन, मग ठेवून दे.

बाप मानलंस तर तुझाच,
बाबा