बादल गुरगुरत नाही

नागपूर
१८ नोव्हेंबर २००१

ती. आत्यास,
सोनूचा शि. सा. न. वि. वि.

तुझा ठेचा पोचला. बाटली एस.टी.त थोडी सांडली, पण उरला तेवढा पुरवून खाते आहे. बाबांना सांग, त्यांची मुलगी डी.एड. सोडून कुत्र्यांच्या शाळेत गेली असली तरी उपाशी नाही.

शाळा म्हणजे नेमकं काय, ते तू विचारलं होतंस. शहराबाहेर धनसिंग सरांची जागा आहे, पत्र्याचे गाळे आणि पुढे मोठं मैदान. सर पुसदकडच्या तांड्यावरचे, पोलिसांच्या श्वानपथकातून रिटायर झालेले. आम्ही पाच-सहा शिकाऊ, त्यात मुलगी मी एकटी. सकाळी गाळे धुवायचे, मग कुत्र्यांना लांब दोरीवर चालवायचं. बस, थांब, ये, सोड, असे साधे शब्द. पण सर म्हणतात, कुत्र्याला आपले शब्द नंतर शिकवायचे, आधी आपण त्याचं बोलणं शिकायचं. कान कसे आहेत, अंग सैल आहे की ताठ, डोळ्याचा पांढरा भाग किती दिसतो. परवा एक काळी कुत्री माझ्यावर गुरगुरली. मी घाबरून दोरी ओढली तर सर माझ्यावरच रागावले. म्हणाले, ती तुला लांब राहायला सांगते आहे, तिचे उपकार मान.

फेब्रुवारीत परीक्षा आहे. पास झाले तर सर ओळखीच्या बंगल्यांवर काम लावून देतील. बाबांचा राग किती उतरला ते लिही. नसेल उतरला तर तसंही लिही.

आठवण काढत जा.
तुझी,
सोनू


मारेगाव
२ डिसेंबर २००१

चि. सोनूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या बाबाले वाचून दाखवलं. आयकत नाही असं दाखवत होता, पण मधातच विचारलं की ते काळी कुत्री चावली तर नाही ना. आता तूच समज राग किती उतरला ते.

इकडे कापसाचं काही खरं नाही. भाव असा पडला की लोकं विकायलेच तयार नाहीत. आपल्या गल्लीत घराघरात कापूस भरला आहे, लेकरं त्याच्यावरच झोपतात. अंगाले खाज सुटते ते वेगळीच. जिनिंगच्या मागून कापूस चोरीले जाते म्हणून मालकानं, भगवानरावनं, अकोल्याहून कुत्रा आणला. बादल नाव ठेवलं. वासराएवढा आहे. आपल्या मागच्या भितीच्या पल्याड आखूड साखळीनं बांधून ठेवतात, दिवसभर तिथंच. तुझा बाबा त्यांच्याच काट्यावर कापूस मोजते, त्याले रोज जवळूनच जा लागते.

नवा नवा कोणावरही गुरगुरे. भगवानरावचे पाहुणे आले तवा त्यांच्यावरही गुरगुरला. त्यांना लाज वाटली. चौकीदार भीमसिंगले सांगितलं, याच्यापुढं गुरगुरला की हाण. आता तो बांबू हातात घेऊनच असते. मले पाहवत नाही बाई. म्या भितीवरून भाकर टाकली की बिचारा शेपूट हालवते.

तू जेवणाची हयगय करू नको. थंडी आहे, गोधडी पुरते का ते लिहिजो.

देवाची कृपा तुझ्यावर राहो.
तुझी आत्या,
इंदूबाई


नागपूर
१० डिसेंबर २००१

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गोधडी पुरते. बाकीचं नंतर लिहीन, आधी बादलचं.

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. सरांनी बांबूचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, मारून गुरगुरणं बंद होतं, राग बंद होत नाही. तो आत साचत जातो. असा कुत्रा पुढे न सांगता चावतो, कारण सांगितलं की मार बसतो हे त्याला पक्कं कळलेलं असतं.

तू भीमसिंगशी बोल. तुझा शब्द तो मोडत नाही. बांबू बाजूला ठेवायचा, साखळी लांब करायची, सकाळ-संध्याकाळ त्याला चालवून आणायचं. गुरगुरला तर माणसाने मागे सरायचं, बस. आणि तो आता कसा वागतो ते मला बारीकसारीक सगळं कळव. तुला क्षुल्लक वाटेल तेही.

वाट पाहते आहे.
तुझी,
सोनू


मारेगाव
६ जानेवारी २००२

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पत्राले उशीर झाला. मी कंबरेनं बसली होती, आता बरी आहे.

तू उगाच घोर लावून घेतला. बादल आता शहाणा झाला. भीमसिंगले म्या तुझं सांगितलं, तर तो म्हणे आता बांबूची गरजच नाही राह्यली. खरंच भुंकत नाही, गुरगुरत नाही. भगवानराव पाहुण्यांना जवळ नेऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून दाखवतात. म्हणाले, सोनूले कळवा, तिले शाळेत जाऊन शिका लागते ते आमच्या भीमसिंगनं घरबसल्या शिकवलं. सारे हासले. तुझा बाबा मात्र हासला नाही.

तू बारीकसारीक विचारलं म्हणून सांगून राह्यली. आताशा भाकर टाकली तर तो शेपूट हालवत नाही. भाकरीवर मान घालून उभा राह्यते, खात नाही. अंग लाकडावानी. मान वर न करता नुसता डोळा माझ्याकडे फिरवते, तवा डोळ्याचं पांढरं दिसते. मी बाजूले झाली की मंग खाते. आवारात सांडलेला कापूस वेचायले पोडावरच्या वस्तीतली रुपीबाई येते, ते म्हणे हा कुत्रा आजारी असन.

संक्रांत झाली की लोकं घरातला कापूस विकायले काढतीन, गाड्या लागतीन. आवारात गर्दी होते म्हणून भगवानराव त्याले तवा मोकळा सोडणार आहेत. माणूस शांत, कुत्राही शांत, म्हणे.

तिळगूळ पाठवते आहे. बाटलीत नाही, डब्यात.

सुखी राहा.
तुझी आत्या,
इंदूबाई


नागपूर
११ जानेवारी २००२

ती. बाबांस,
सोनूचा शि. सा. न. वि. वि.

मी इथे आल्यापासून तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं नाही, तुम्हीही लिहिलं नाही. आज मात्र तुम्हालाच लिहावं लागतं आहे. आत्याचं पत्र वाचलं. बादलला मोकळा सोडू देऊ नका.

तो शांत नाही, बाबा. आत्याने लिहिलेली एकेक खूण मी सरांसमोर ठेवली. सरांनी मला विचारलं, तू काय समजतेस ते सांग. मी म्हटलं, तो चावणार. कधी आणि कोणाला एवढंच ठरायचं राहिलंय. सर हो म्हणाले. मी जिनिंगवर फोनही केला. भगवानराव चांगलं बोलले, तब्येत विचारली, आणि म्हणाले की येऊन बघ, मांजर झालंय. मला सुटी मिळेपर्यंत तुमच्या गाड्या लागून गेलेल्या असतील.

त्यांनी ऐकलं नाही तर निदान आवारातल्या लोकांना एवढं सांगा. त्याच्यासमोर वाकायचं नाही. डोळ्यांत पाहायचं नाही, पळायचं नाही. आणि कोणाला धरलंच तर काठीने मारू नका, मारलं की पकड आणखी घट्ट होते. त्याच्या डोक्यावर बारदान टाका, म्हणजे त्याला दिसणार नाही. मग मागून पट्टा धरा.

तुम्हाला मी लहानच वाटेन, पण या एका गोष्टीत माझं ऐका.

तुमची,
सोनू


मारेगाव
१६ जानेवारी २००२

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तू लिहिलेले भगवानरावांना सांगितले. त्यांचे म्हणणे, कुत्रा त्यांचा, आवार त्यांचे. दोन महिने शिकलेल्या मुलीने नागपुरात बसून मारेगावचा कुत्रा ओळखावा हे त्यांना पटत नाही. मलाही नीट पटत नाही. मी त्यांच्याकडे नोकरीला आहे, याहून जास्त बोलणे मला शोभत नाही. सोमवारी गाड्या लागतील. तेव्हा सोडणार आहेत.

इंदू तुझे पत्र देवघरात ठेवत होती. मी ते खिशात ठेवले आहे.

अभ्यासात लक्ष दे. इकडची काळजी करू नये.
सदाशिवराव


मारेगाव
२३ जानेवारी २००२

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुले अर्धवटच कळलं असन, म्हणून सारं लिहून राह्यली. तुझ्या बाबाच्या हाताले लागलं आहे, जिवाले काही नाही. हे आधी वाच.

सोमवारी आवार गाड्यांनी भरलं होतं. तुझा बाबा सकाळी पुन्हा भगवानरावले बोलला. ते नुसते हासले, आणि भीमसिंगनं साखळी सोडली. मी भितीवरून पाहत होती. बादल गाड्यांमधून हळूहळू फिरला. लोकं म्हणत होते, काय गुणी जनावर आहे. रुपीबाई एका गाडीच्या चाकापाशी कापूस वेचायले वाकली. तिले बाबानं सांगितलं होतं, पण कापूस वेचायचा म्हणजे वाका लागतेच ना. तो ना भुंकला, ना गुरगुरला. आवाज आला तो रुपीबाईचाच.

आधी दंड धरला, मंग गाल. भीमसिंग बांबू घेऊन धावला. जसा जसा मारे तसा तसा तो जास्तच आवळे. तुझा बाबा काटा टाकून धावत आला. भीमसिंगले त्यानं ढकलूनच दिलं, आणि बारदान कुत्र्याच्या डोक्यावर टाकून मागून पट्टा धरला. तवा सुटली. तेच्यातच बाबाचा तळवा फाटला.

दोघांना जीपनं यवतमाळले नेलं. पण जायच्या आधीचं सांगते तुले. बादलले पत्र्याच्या खोलीत कोंडलं होतं, आणि लोकं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन आले. भगवानरावही म्हणाले, संपवून टाका. तुझा बाबा हाताले धोतराची चिंधी गुंडाळून दारात उभा राह्यला. म्हणे माझी पोरगी येईन, तेच सांगन काय करायचं, तोवर दार उघडायचं नाही. त्यानं चारचौघात तुझं नाव असं घेतलेलं म्या कधी आयकलं नव्हतं.

रुपीबाई दवाखान्यातच आहे. तू ये.

तुझी आत्या,
इंदूबाई


नागपूर
९ फेब्रुवारी २००२

ती. बाबांस,
सोनूचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. हाताची पट्टी वेळेवर बदला आणि राहिलेली इंजेक्शनं चुकवू नका.

निघताना घाईत बोलणं झालं नाही, आणि समोरासमोर मला बोलता आलंही नसतं. मी बादलजवळ रोज जाऊन बसत होते ते तुम्ही पाहत होतात. तो पिसाळलेला नव्हता, गुरांच्या डॉक्टरांनी दहा दिवसांची मुदत संपल्यावर तसं सांगितलं. माझ्या हातून खायला लागला होता. शेवटच्या दिवशी त्याने माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मला वाटलं, वाचला. तेवढ्यात भीमसिंग पाणी घेऊन आला, नुसतं पाणी. बादलचा कानही हलला नाही. गुडघ्यावरून उठला तो सरळ त्याच्या गळ्याकडे. साखळी होती म्हणून भीमसिंग वाचला. एवढं सगळं आवाज न करता.

सरांना फोन केला. ते म्हणाले, आणायचा तर आण, एक गाळा देतो, पण त्यातून तो मरेपर्यंत बाहेर येणार नाही. तू ठरव. मी ठरवलं. डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा माझा हात त्याच्या मानेवर होता. आत्याला वाटतं डॉक्टरांनी ठरवलं. तिला खरं सांगा.

येताना यवतमाळला उतरून रुपीबाईला भेटले. टाके ओले आहेत, बोलताना दुखतं. तिने बादलला शिवी दिली नाही. म्हणाली, त्यानं एक डाव आवाज केला असता तर मी बाजूले झाली असती.

भगवानराव मला स्टँडवर सोडायला आले होते हे तुम्हाला माहीत आहे. रुपीबाईचं सगळं तेच पाहत आहेत, वाईट वागले असं मी म्हणणार नाही. बस सुरू झाल्यावर ते खिडकीशी आले. म्हणाले, अकोल्याचा माणूस त्याच आईचं दुसरं पिल्लू देतो म्हणतो. बादल गप्प झाला होता तेव्हा फार चांगला होता. याला तसंच गप्प करून देशील का? मी काय बोलले ते बसच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी हसून हात हलवला.

बाबा, हे पत्र मिळाल्यावर कामावर गेलात की मागच्या भिंतीकडे एक चक्कर टाका. पिल्लू आलेलं असेल तर पत्र लिहू नका, फोन करा. परीक्षा सोडून येईन.

तुमचा विश्वास पाठीशी असू द्या.
तुमची,
सोनू