दोर बांधायच्या आधी

प्रिय धाकट्या,

मी वारले असं परवा कळलं. माझ्याच कार्यालयात, माझ्याच टेबलासमोर बसून एका व्यक्तीने मला ही बातमी दिली आणि मी सवयीने "अरेरे" म्हणाले. कधी वारले, कशाने, ते काही तिला सांगता आलं नाही. बाबाही वारले म्हणे. त्यांना मी अजून कळवलेलं नाही. ते तेव्हा बाहेर धक्क्यावरच्या बाकावर बसून कुणाशी तरी वाद घालत होते आणि मरणासारख्या किरकोळ कारणासाठी मध्ये तोंड घातलेलं त्यांना खपत नाही, हे तुला आठवत असेल. ही बातमी मुळात कुणी उठवली, याचा तपास करायला मला फार लांब जावं लागलं नाही. पण त्याआधी माझं थोडं रडगाणं ऐक. चोवीस वर्षांत तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, फोन उचलला नाहीस, तेव्हा साचलेलं सगळं एकदम अंगावर येणार. मेलेल्या बहिणीचं एवढं तरी ऐकावं माणसाने.

शाळा बंद झाली. मुलंच उरली नाहीत. शेवटच्या वर्षी माझ्या संस्कृतच्या वर्गात एकच विद्यार्थी होता आणि तोही द्विवचनापर्यंत पोचायच्या आत आईबापांबरोबर पलीकडच्या किनाऱ्यावर राहायला गेला. मग आमच्या शाळेच्या अध्यक्षांना साक्षात्कार झाला. पूर्वी बेटावरची माणसं जहाजांत बसून दूरदेशी कामाला गेली आणि तिकडचीच झाली. त्यांचे पणतू-खापरपणतू आता आपलं मूळ शोधत जगभर फिरताहेत, तर त्यांच्यासाठी काहीतरी काढावं. शाळेच्या रिकाम्या वर्गावर 'वंशशोध केंद्र' अशी पाटी लागली आणि हिला संस्कृत येतं म्हणजे जुनं सगळं येतच असणार, या न्यायाने मला तिथे बसवलं. जणू धातुरूपं पाठ असली की कुणाचा पणजा कुणाच्या विहिरीत पडला तेही आपोआप पाठ होतं.

काय सांगू तुला या कामाचं! बेटावर आडनावं मोजून तीन, आणि नातवाला आजोबांचंच नाव ठेवायची खोड सगळ्यांना. त्यामुळे कुणीही येऊन कुणाचंही नाव सांगितलं तरी मी "हो, होते" असंच म्हणू शकते, आणि ते खोटंही नसतं. हल्ली लोक नळीत थुंकून ती थुंकी कुठे कुठे तपासायला पाठवतात आणि आपण या बेटाचे साडेअकरा टक्के आहोत असा कागद घेऊन येतात. उरलेले साडेअठ्ठ्याऐंशी टक्के माझ्या खुर्चीत बसून पंखा मोठा करायला सांगतात. मागे एक गृहस्थ पणजोबांच्या घराच्या उंबऱ्यावर डोकं टेकून अर्धा तास रडले. तो जुना बर्फाचा कारखाना होता, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खऱ्या घरासमोर जाऊन पुन्हा रडले, पण त्यात पहिल्यासारखा जोर राहिला नव्हता. शिवाय प्रत्येकाला मूठभर माती हवी. अरे, हे बेट म्हणजे सगळा कातळ! माती आहे ती माझ्या भाजीच्या वाफ्यात. दर महिन्याला माझी वांगी एकेका वंशाच्या ऋणातून मुक्त होतात आणि मी कपाळाला हात लावून बसते.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे आपले पूज्य पिताश्री. बोट चालवणं सोडल्यापासून ते रोज धक्क्यावरच्या शेडमध्ये बसतात. बोट लागली की गळ्यात कागदांची पिशवी अडकवलेला, भांबावून इकडेतिकडे बघणारा माणूस ते बरोबर हेरतात, काठी टेकत उठतात आणि त्याला मिठी मारतात. "अगदी माझ्या चुलत्याचं नाक!" म्हणतात. बाईमाणूस असेल तर नुसते दोन्ही हात हातात घेतात, पण नाक चुलत्याचंच. आपल्याला असा चुलता नव्हता, असला तरी त्याला इतकी नाकं नव्हती, हे सांगून माझा घसा सुकला. मी तर्कशास्त्र शिकवलेली बाई. लक्षण नको त्यालाही लागू पडलं, तर त्याला अतिव्याप्तीचा दोष म्हणतात. शिंगं असतात ती गाय, असं म्हटलं की म्हैसही गाय होऊन बसते. बाबांच्या हिशेबाने धक्क्यावर उतरणारी प्रत्येक म्हैस आपली गाय आहे. नंतर निस्तरायचं मी. प्रत्येकाला कळवायचं, की सदर वृद्ध गृहस्थ आपले कोणीही लागत नाहीत, गैरसमजाबद्दल केंद्र दिलगीर आहे. एकाने उलट लिहिलं, "तरी चालेल," आणि सोबत लोकरीची टोपी पाठवली. बाबा ती भर उन्हाळ्यातही घालतात आणि पुतण्याने पाठवली म्हणून सांगतात. एकदा मी फारच भांडले, तेव्हा म्हणाले, "एवढ्या लांबून, एवढ्या उशिरा जो येतो, त्याला तू कोणाचा असं विचारायचं नसतं. आलास ना, बस, एवढंच म्हणायचं." मी भांडण तिथेच सोडलं. का, ते तुला कळायला हवं.

तर परवा दुपारची बोट आली. मी खिडकीतून बघत होते, कारण अध्यक्षांनी कुणी अभ्यासू मुलगी येणार असल्याचं सांगितलं होतं आणि अभ्यासू माणसं मला चहासुद्धा संपवू देत नाहीत. बोट धक्क्यापासून चांगली हातभर लांब होती. खलाशाने दोर हातात घेतला होता, अजून खुंटाला टाकला नव्हता. तेवढ्यात पाठीवर सॅक घेतलेली, केस मोकळे सोडलेली एक मुलगी कठड्यावर चढली आणि तिने सरळ उडी मारली. डावा पाय पुढे. एक चप्पल पाण्यात. बाबा उठले. मला वाटलं, आता नाक. पण धाकट्या, ते जागेवरून असे काही कडाडले की खलाशाच्या हातातला दोर सुटला! "दोर बांधायच्या आधी उडी मारायची नाही! किती वेळा सांगायचं? पाय अडकला असता मध्ये तर? आणि ते केस बांध आधी!" ती पोरगी एका चपलेवर उभी. मिठी नाही, हातात हात नाही. बाबा परत बाकावर बसले आणि पाण्यातल्या चपलेकडे बघत राहिले. माझ्या हातातला चहा गार झाला. "किती वेळा सांगायचं" हे वाक्य त्या धक्क्यावर मी लहानपणी रोज ऐकलं होतं, आणि ज्याला ते सांगितलं जायचं तो तेव्हाही एका चपलेवरच घरी यायचा.

ती आत आली, समोर बसली, आणि म्हणाली, "मॅडम, ते बाहेरचे आजोबा सगळ्यांना मिठी मारतात असं मी इंटरनेटवर वाचलं होतं. मलाच का ओरडले?" (बाबा इंटरनेटवर आहेत. यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.) मग तिने सगळं सांगितलं. तिचे बाबा या बेटावरचे, पण तो विषयच काढू देत नाहीत. आजोबा, आत्या, कुणी उरलेलं नाही, एवढंच सांगतात. माणसं नाहीत तर नाहीत, निदान घर तरी बघावं, म्हणून ती घरी मैत्रिणीच्या लग्नाला जाते असं सांगून निघाली. खोटं बोलण्याची कला वंशपरंपरेने उतरते, याची मी केंद्रातर्फे नोंद घेतली. घराची खूण म्हणून तिच्याकडे एकच वाक्य होतं. तापात असताना तुझ्या तोंडून निघालेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झेंड्याची काठी दिसायची, हे.

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? तीनशे घरांच्या वंशवेली मी सोडवल्या, आणि काखेत कळसा धरून गावाला वळसा घालायची पाळी माझ्यावर तू आणलीस. तिला मी लांबच्या वाटेने नेलं, तेवढाच विचार करायला वेळ. दाराशी पोचल्यावर हात सवयीने कमरेच्या चावीकडे गेला. ती म्हणाली, "चावी केंद्राकडे असते?" मी म्हटलं, "केंद्राकडेच असते." यात असत्य काही नाही, केंद्र म्हणजे मीच. आत बाबांची टोपी खुंटीला, माझे कपडे दोरीवर, ओट्यावर सकाळचं पातेलं. "इथे राहतात ते रागावणार नाहीत ना?" तिने विचारलं. म्हटलं, ते एरवीही रागावतात. मग ती त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून. मग म्हणाली, "बाबा घरी खिडकीत असेच उभे राहतात. तिथून काही दिसत नाही. समोर भिंत आहे." मी पातेलं घासायला घेतलं. आधीच घासलेलं होतं.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले, टोपी काढली, आणि मला म्हणाले, "त्या पोरीला जेवायला बोलाव. किती हडकली आहे!" हडकली म्हणे! आधी कधी पाहिली होती रे यांनी तिला, आता हडकायला? त्याउपर त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. ती जेवायला आली. पाणी आधी का प्यायलीस म्हणून बोलणी खाल्ली, ताटात टाकलंस का म्हणून बोलणी खाल्ली. कालही आली. मी अतिव्याप्तीवर एवढी वर्षं डोकं फोडलं, पण दोष बाबांच्या मिठीत नव्हता, माझ्या लक्षणात होता. मिठी ही आपलेपणाची खूण आहे असं मी धरून चालले होते. या घरात आपल्या माणसाला मिठी कधी मिळाली होती?

आता ते सांगते, जे तू कधी विचारलं नाहीस. आई गेली तेव्हा तू पलीकडच्या किनाऱ्यावर उभा होतास, समुद्र खवळला होता, आणि बाबांनी बोटी बंद असल्याचा लाल झेंडा उतरवला नाही. बोट निघाली नाही. तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. बापाने स्वतःच्या मुलासाठी एक झेंडा खाली घेतला नाही, माझ्यासाठी हे बेट बुडालं, असं म्हणून तू घरात पाऊल न टाकता त्याच बोटीने परत गेलास. मीही बाबांवर वर्षभर धुमसत होते. मग एक दिवस, काही कारण नसताना, जाळं सोडवता सोडवता ते म्हणाले, "झेंडा उतरवला असता तर बोटीत पहिला तोच चढला असता. आणि इथे पोचून पहिली उडी त्यानेच मारली असती. दोर बांधायच्या आधी. एका दिवसात दोघांना पोचवायची ताकद नव्हती माझ्यात." एवढंच. त्यानंतर त्यांनी सुकाणूला हात लावलेला नाही आणि त्या बाकावरची जागा सोडलेली नाही. उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला ते कोणाचा तरी म्हणून मिठी मारतात. तुझ्या वाटणीची सगळी बोलणी मात्र त्यांनी जपून ठेवली होती. परवा त्यातली थोडी तुझ्या लेकीला मिळाली.

मी हे टेबलाशी बसून लिहिते आहे आणि खिडकीतून दोघं दिसताहेत. बाबा तिला खुंटाला दोर कसा टाकायचा ते शिकवताहेत, म्हणजे ओरडताहेत. तिने केस बांधले आहेत. ती बावळट नाही, धाकट्या. परवा मला मॅडम म्हणत होती. काल जेवल्यापासून काहीच म्हणत नाही. "अहो" नाही, "मॅडम" नाही. बोलायच्या आधी जरा थांबते, एका शब्दापुरती जागा मोकळी सोडते आणि मग बोलते. तो शब्द मी तिला सांगितलेला नाही. आम्हाला तू मारलंस, तेव्हा जिवंतही तूच करायचं. तिच्या बापाला तिच्यासमोर खोटं पाडायला मी काही परकी नाही. म्हणून केंद्राचा अहवाल आहे असं सांगून हे पाकीट तिच्याच हाती देते आहे, आणि वडील वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही, अशी केंद्राची अट घातली आहे. तेव्हा आता मान वर कर. ती समोर उभी असेल, बहुधा एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून. ते आजोबा मलाच का ओरडले, हा एकच प्रश्न ती विचारणार आहे. त्याचं उत्तर दे, आणि मग तिला घेऊन ये. बाबा तुला मिठी मारणार नाहीत. फार ओरडतील, सगळ्या धक्क्यासमोर ओरडतील. तेवढं ऐकायला तरी ये. बोटी वेळेवर आहेत. झेंडा उतरवलेला आहे.

तुझीच,
अजून तरी हयात असलेली
ताई